मेली नव्हती ती बॅटरी

ही गोष्ट सांगायचं मी चार वर्षं टाळलं. म्हणजे सांगितली खूप वेळा, पण खोटी सांगितली. मुलुंड पूर्वेला आमच्या भागात आणि खाडीकडच्या कोळीवाड्यात लोक मला ‘मेलेली बॅटरी उठवणारे काका’ म्हणून ओळखतात. मागे एकदा शाल आणि नारळ देऊन माझा सत्कारसुद्धा झाला. मी उभा राहून तो घेतला, दोन शब्द बोललो, टाळ्याही घेतल्या. आता सत्तरी ओलांडली आहे. खरं काय घडलं ते माझ्याच हातानं लिहून ठेवलेलं बरं.

चाळीस वर्षं मी गाड्यांच्या वायरिंगचं आणि बॅटऱ्यांचं काम केलं. चेकनाक्याजवळ माझं छोटं दुकान होतं. शिशाच्या बॅटऱ्या, ॲसिड, डिस्टिल्ड वॉटर, हेच माझं जग. माझा एकही शर्ट असा नव्हता की ज्याला ॲसिडची भोकं नाहीत. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा दुकान बंद केलं, पण शेजारपाजारच्या गाड्या घराखाली येतच राहिल्या. बायको म्हणायची, “तुमका ह्या वयात तरी गप बसवत नाय!” ती मालवणची. रागावली की मालवणीतच रागावते.

आमच्या बिल्डिंगला पंचवीस वर्षं एकच कोळीण मासे द्यायची. वयानं माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, पण सगळे तिला मावशी म्हणायचे म्हणून मीही मावशीच म्हणायचो. ती मला भाऊ म्हणायची आणि अरे-तुरे करायची. ती ज्या मासळी बाजारात बसायची ती इमारत नवी बांधायला म्हणून पाडली. बसणाऱ्या बायकांना तात्पुरती जागा मिळाली, पण अशा कोपऱ्यात, की तिथं गिऱ्हाईक फिरकेना. दोन महिने मावशीनं दुपारपर्यंत माश्या हाकल्या. मग एक दिवस ती माझ्या दारात येऊन बसली.

“भाऊ, जावयाचा टेम्पो आहे. त्यात डीप फ्रीझर ठेवते आणि सोसायट्यांच्या गेटवर जाऊन विकते. फ्रीझर बॅटरीवर चालव.”

मी म्हणालो, “बर्फ घाल ना. सगळे तेच करतात.”

“बर्फाचं पाणी गळतं. त्या टॉवरवाल्या मोठ्या सोसायटीनं एक रविवार दिलाय, गणपती गेल्यानंतरचा पहिला. पाणी गळता कामा नये, वास येता कामा नये, जनरेटरची धडधड नको. एक जरी तक्रार आली तर पुन्हा गेटवर उभं करणार नाहीत.”

“मग बाजारातली जागा?”

“ती सोडली. भावजयीला दिली.”

आमच्या बाजूला गणपती गेले की लोक माशावर तुटून पडतात. तो रविवार म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा. तो जमला तर मावशीचं बस्तान बसणार होतं. फसला तर बाजारातली जागाही गेलेली होती. हे तिनं मला असं सांगितलं, जसं कुणी आजचा भाव सांगावा.

मी लगेच वहीत हिशेब मांडला. फ्रीझर इतका करंट खाणार, सकाळी सात ते दुपारी तीन, मध्ये इन्व्हर्टर. म्हटलं, दीडशे ॲम्पियरची एक शिशाची बॅटरी घेऊ.

“दीडशे म्हणजे आठ तास पुरेल?” तिनं विचारलं.

“तशी पुरेल, थोडी उरेलही. पण ती पूर्ण उतरवायची नसते. अर्धीच वापरायची, नाहीतर आतल्या प्लेटा खराब होतात. म्हणून दोन घ्याव्या लागतील.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “म्हणजे दीडशे नाहीच ती. पंचाहत्तर आहे.”

“दीडशेच आहे. वापरायची पंचाहत्तर.”

“अरे, मी सुरमई तोलते तेव्हा गिऱ्हाईक काय विचारतं? साफ करून किती भरेल? डोकं, आतडी, शेपूट काढून तुकड्या किती? तू मला अख्खा मासा दाखवून दीडशे म्हणतोस, आणि अर्धा कचऱ्यात टाकायला सांगतोस. साफ करून किती भरते ते बोल!”

चाळीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही कुणाला विचारला नव्हता. मी वही मिटली.

“आणि वजन?” ती पुढे म्हणाली. “दोन बॅटऱ्या म्हणजे किती किलो?”

“एकशे दहा-पंधरा.”

“म्हणजे दोन बाया बसल्या गाडीत. नुसत्या बसल्या, काम काही नाही.”

बायको आतून हसली, तेही मला ऐकू आलं.

लिथियमचं नाव मी ऐकलं होतं, पण मला त्याचा भरवसा नव्हता. मोबाईल फुगतात, स्कूटर पेटतात, हेच कानावर यायचं. मावशीच्या एका गिऱ्हाइकानं मरोळचा पत्ता दिला. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एक गृहस्थ गाड्यांसाठी लिथियमचे पॅक बनवून देतो, म्हणे. आम्ही दोघं गेलो. दुसऱ्या मजल्यावर छोटासा गाळा, दोन बायका सेलना पट्ट्या वेल्ड करत बसलेल्या, आणि चाळिशीतला एक शांत माणूस. शर्टाच्या खिशात तीन पेनं. बोलायचा इतकं हळू की पुढे वाकून ऐकावं लागायचं.

मावशीनं आल्या आल्या विचारलं, “साफ करून किती भरते तुझी?”

त्याला काही कळेना. मी समजावलं तेव्हा तो पहिल्यांदा मोकळं हसला. “मावशी, शंभरातले नव्वद तुकडे तुमच्या हातात येतील. पण मी म्हणेन ऐंशीच वापरा. मग वर्षानुवर्षं टिकेल.”

त्यानं आमच्यासमोर कागदावर सगळं मांडलं. मोबाईलमधलं लिथियम वेगळं. गाडीत फ्रीझर चालवायला त्यानं सुचवलं ते लोह-फॉस्फेटचं. ते थोडं जड असतं, पण उन्हात तापलं तरी सहजी पेट घेत नाही. सेल नवेच घ्या, जुन्या गाड्यांतून काढलेले स्वस्तात मिळतात पण त्यांचं वय कुणालाच माहीत नसतं. गाडीच्या डायनमोवरून थेट चार्ज करू नका, मध्ये त्याचा वेगळा चार्जर बसवा, नाहीतर डायनमो जळेल. पॅक इंजिनाजवळ नको. मी मुद्दाम आडवेतिडवे प्रश्न विचारले. एकाही ठिकाणी त्यानं थाप मारली नाही. जे ठाऊक नव्हतं ते ठाऊक नाही म्हणाला. आमच्या धंद्यात असं म्हणणारा माणूस मी क्वचितच पाहिला.

दीडशे ॲम्पियरचा एक पॅक ठरला. वजन अठरा किलो. रविवारच्या आधीच्या शुक्रवारी मी तो आणायला गेलो तेव्हा त्यानं हातात एक छापील कागद दिला आणि म्हणाला, “काका, तुम्ही जुने कारागीर. एक सांगतो, राग मानू नका. स्पार्क मारून बघू नका हां.”

मी हसलो. “अरे, मला काय शिकवतोस!”

स्पार्क मारणं म्हणजे काय ते सांगतो. जाड वायरचा एक तुकडा घ्यायचा आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांना क्षणभर टेकवायचा. ठिणगी मोठी उडाली, आवाज कडक आला, की बॅटरीत दम आहे. मीटर नसायचे त्या काळात आमच्या उस्तादानं शिकवलेलं हे. शिशाच्या बॅटरीला त्यानं एवढं काही होत नाही. हाताला ती सवय इतकी लागलेली, की बॅटरी समोर आली आणि वायर हाताशी असली की हात आपोआप जातो.

शुक्रवारी दुपारी टेम्पो आमच्या बिल्डिंगखाली उभा होता. मी पॅक बसवला, पण इन्व्हर्टर अजून जोडला नव्हता. मावशी वर माझ्या बायकोपाशी चहा घेत होती. वायरचा तुकडा पायाशी पडलेला. मी तो उचलला आणि टेकवला.

इवलीशी ठिणगी उडाली, आणि मग काहीच नाही. इन्व्हर्टर जोडला, चालू होईना. मीटर लावला. शून्य.

मावशी खाली आली. “काय झालं?”

“पेटी रिकामी आहे. फसवलं तुझ्या मरोळवाल्यानं.”

हे वाक्य मी विचार करून बोललो नाही. पण एकदा बोलल्यावर मागे घेतलंही नाही. मावशीनं टेम्पोच्या कडेला हात टेकला. मग पदर खोचून ती चालत घराकडे निघाली.

शनिवारी सकाळी रिक्षात पॅक घालून मी एकटाच मरोळला गेलो. गाळ्यात चार-पाच माणसं होती. त्यातले एक डॉक्टर होते. त्यांना दातांच्या फिरत्या दवाखान्याच्या गाड्यांसाठी सहा पॅक हवे होते, आणि त्यांची बोलणी चालली होती. मी तो पॅक टेबलावर आदळला. सगळ्यांसमोर मीटर लावून शून्य दाखवलं.

“हे विकतोस तू? एका बाईचं पोट आहे यावर. उद्या तिचा दिवस आहे, आणि तू तिला रिकामा डबा देतोस?”

त्याचा चेहरा पांढरा पडला, पण आवाज चढला नाही. “काका, आतलं संरक्षण बंद पडलं असेल. तारा एकमेकांना लागल्या होत्या का कुठे? शॉर्ट झालं होतं?”

त्यानं मला दार उघडून दिलं होतं. मी हो म्हणालो असतो तर दोन मिनिटांत सगळं मिटलं असतं. थोडी थट्टा झाली असती, तेवढंच. मला आठवत नव्हतं असं मुळीच नाही. वायरचा तो तुकडा माझ्या डोळ्यांसमोर होता. पण चार माणसं बघत होती, आणि आदल्या दिवशीच मला बजावलं होतं.

“चाळीस वर्षं हेच काम केलंय,” मी म्हणालो. “मी शॉर्ट करीन? काहीही झालेलं नाही. बसवला आणि बंद पडला.”

“मग दोन दिवस माझ्याकडे ठेवा. उघडून बघतो. आपोआप बंद पडला असेल तर माझ्या कामातच काहीतरी चुकलंय.”

“दोन दिवसांनी रविवार परत येणार आहे का?” मी पॅक उचलला. दारातून वळून बघितलं तेव्हा डॉक्टर आपले कागद बॅगेत भरत होते.

दुपारी घरी गॅलरीत बसून मी त्याचा छापील कागद काढला. तोपर्यंत वाचलाच नव्हता. साध्या मराठीत लिहिलेला होता. ‘बॅटरी अचानक बंद झाली तर घाबरू नका. आत एक राखणदार बसवला आहे. तारा एकमेकांना लागल्या की तो दार लावून घेतो, म्हणजे बॅटरी आणि तुम्ही दोघंही सुरक्षित राहता. सोबतचा चार्जर जोडा. दार उघडेल.’

मी चार्जर जोडला. दिवा हिरवा झाला. मीटरवर तेरा व्होल्टच्या वर आकडा आला. सगळा वेळ मिळून अर्धं मिनिटही लागलं नाही.

कागदावर खाली त्याचा फोन नंबर होता. मी तो दोनदा वाचला.

पाच वाजता मावशी आली. तिनं विचारलं, “काही झालं?” मी म्हणालो, “झालं. मेली होती, उठवली.” तिनं माझ्या तोंडावरून दोन्ही हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. “माझा भाऊ तो!” म्हणाली. त्यानंतर खरं सांगायला जीभ कुठून उचलणार?

आणि तो रविवार! तो मात्र खरा आहे, त्यातला एकही शब्द मी वाढवलेला नाही. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून माल आला. सात वाजता टेम्पो टॉवरच्या गेटवर लागला. सेक्रेटरी हातात फाईल घेऊन उभे होते. वॉचमननं गाडीखाली पुठ्ठा पसरला, पाणी गळलं की लगेच दिसावं म्हणून. मावशीनं हिरवं लुगडं नेसलं होतं, अंबाड्यात अबोलीचा गजरा होता. फ्रीझरचं झाकण उघडलं आणि पापलेटांवरून पांढरा थंड धूर वर आला. मुलं बघायला जमली. त्यांच्यामागे आया, आयांमागे आज्या.

“ताजं आहे का?” एका बाईनं विचारलं.

“बाय, हात लाव. तुझ्या नवऱ्यापेक्षा कडक आहे.”

जे हसू फुटलं ते तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलं. सेक्रेटरींची बायको खाली आली ती दोन किलो सुरमई घेऊनच वर गेली. मी गाडीमागे स्टुलावर बसून दर अर्ध्या तासानं मीटर बघत होतो. नऊ वाजता ठीक. अकरा वाजता ठीक. ऊन असं तापलं की डांबर मऊ झालं, आणि फ्रीझरमध्ये कोलंबी दगडासारखी. बारा वाजता मी तिला खूण केली की तीन वाजेपर्यंत पुरेल एवढी शिल्लक आहे. तिनं गिऱ्हाइकांच्या डोक्यावरून ओरडून विचारलं, “साफ करून?” मी म्हणालो, “साफ करून!” सगळी रांग आमच्याकडे बघायला लागली. कुणालाच काही कळलं नाही, आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो.

दीड वाजता माल संपला. वॉचमननं पुठ्ठा उचलून बघितला, कोरडा ठणठणीत. सेक्रेटरी म्हणाले, “पुढच्या रविवारी बोंबील आणा.” मावशीनं रिकाम्या फ्रीझरवर थाप मारली आणि मला म्हणाली, “चल भाऊ, आज तुझ्या घरी मी रांधते.” माझ्या उभ्या आयुष्यात, दुकानातल्या चाळीस वर्षांतसुद्धा, इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

पुढच्या वर्षभरात कोळीवाड्यातल्या आणखी बायकांनी गाड्या काढल्या. मुलुंड, नाहूर, घाटकोपरपर्यंत त्या जातात. प्रत्येकीची बॅटरी निवडायला मी गेलो. दुकानदार बॅटरीवरचा आकडा सांगू लागला की आमच्या बायका पदर खोचून विचारतात, “तो अख्खा मासा झाला. साफ करून किती?” मोठमोठे विक्रेते गडबडलेले मी पाहिलेत. ज्या बायकांचे बर्फावर भिजत बसून सांधे धरायचे, त्या आता सुक्या पायांनी धंदा करतात. हे यश खरं आहे आणि त्यात माझा वाटा आहे, तो मी नाकारणार नाही. पण मावशी प्रत्येक नव्या बाईला पहिल्या बॅटरीची कथा सांगायची. मेलेली आली होती, आमच्या भावानं उठवली. आणि पुढे म्हणायची, “मरोळला मात्र जाऊ नका.” मी शेजारीच उभा असायचो.

मरोळला मी एकदा गेलो होतो, त्या रविवारनंतर सहा-सात महिन्यांनी. त्या गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी बनत होती. तो माणूस कुठे गेला ते कुणाला माहीत नव्हतं. नंबर माझ्याकडे होता. पण फोन लावण्यापेक्षा, तो भेटला नाही असं म्हणणं सोपं होतं.

यंदा थंडीत एका रविवारी त्याच टॉवरच्या गेटवर मी मावशीच्या गाडीमागे बसलो होतो. बांगडे सांगून रांगेतून एक माणूस बाहेर आला आणि वाकून गाडीतल्या पॅककडे बघू लागला. केस पिकले होते. मावशीनं त्याला ओळखलं नव्हतं, पण खिशात अजून तीन पेनं.

“काका, हा माझाच ना?” त्यानं पॅकच्या पत्र्यावर हात ठेवला. “चार वर्षं चालतोय?”

“अजून दम आहे,” मी म्हणालो. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला तो बघवेना.

तो नाहूरला राहायला आला होता. गाळा सोडून नोकरी धरली होती. हे सगळं त्यानं कुणाला बोल न लावता सांगितलं. त्या डॉक्टरांनी नाही म्हटलं. मग त्यानंच तोवर विकलेले पॅक परत मागवले, एकेक उघडला, आतली संरक्षणाची सर्किटं बदलून दिली. “आपोआप बंद पडतो म्हटल्यावर लोकांच्या गाडीत ठेवायचा कसा? तुमचा पत्ता तेवढा माझ्याकडे नव्हता. पण दोष मला एकातही सापडला नाही. अजून डोक्यात आहे ते. तुम्ही तो उठवलात असं आत्ता रांगेत मावशीच्या तोंडून ऐकलं. काय केलं होतं तुम्ही? उघडला होता?”

“नाही. तुझा चार्जर लावला.”

“एवढंच?” तो माझ्याजवळ आला, गुडघ्यावर बसला, म्हणजे आमची डोकी एका उंचीवर आली. “मग काका, बंद कशानं पडला असेल?”

तो थांबला. त्याला घाई नव्हती. माझं वाक्य तयार होतं, चार वर्षं तयार होतं. तू सांगितलं होतंस तरी वायर मीच टेकवली, तू विचारलंस तेव्हा चार माणसांत खोटं बोललो, तुझ्या कामात काडीचाही दोष नव्हता, मला क्षमा कर. मी तोंड उघडलं. मावशीनं पुढून हाक मारली, “भाऊ, त्या साहेबांचे बांगडे झाले बघ!” मी पिशवी घेतली, त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, “आज बांगडा चांगला आहे. झणझणीत मालवणी तिखलं कर.”